आयडी गेली, म्हणजे नेमके काय गेले?



ऑगस्ट २०२१ मधील ही घटना आहे. मुंबईत जोगेश्वरीला राहणारा सोळा वर्षांचा एक मुलगा चिठ्ठी लिहून घरातून निघून गेला. कारण असे की, आईच्या मोबाइलवर तो पब्जी हा खेळ खेळत असे, आणि त्या खेळातली आयडी व 'यूसी' नावाचे खेळातले चलन मिळवण्यासाठी त्याने आईच्या बँक खात्यातून सुमारे दहा लाख रुपये घालवले होते. आईवडिलांना हे कळले. ते रागावले, आणि पोरगा घराबाहेर पडला. पोलिसांत तक्रार गेली. मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने त्याला अंधेरीच्या महाकाली गुंफांच्या भागात शोधून काढले (ही म्हणजे कोंडिविटेची प्राचीन बौद्ध लेणी), त्याची समजूत घातली आणि घरच्यांच्या हवाली केले. पोरगा सुखरूप मिळाला हे नशीब म्हणायचे.

बातमी पेपरांत आली तेव्हा लोकांनी दहा लाखांचा आकडा वाचला आणि "आपल्याकडे कुठले आलेत दहा लाख" म्हणून पान उलटले. त्या बातमीतला दुसरा एक शब्द मात्र कोणी फारसा मनावर घेतला नाही. तो शब्द म्हणजे आयडी. आज घनसावंगीपासून तीर्थपुरी, कुंभार पिंपळगावपर्यंत कोणत्याही वस्तीत पाराजवळ बसलेल्या पोरांच्या तोंडी हा शब्द आहे. "माझी आयडी भारी आहे", "त्याची आयडी विकत घेतली", आणि कधीतरी रडवेल्या आवाजात, "माझी आयडी गेली."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आयडी म्हणजे खेळातले खाते. बँकेत जसे आपल्या नावाचे खाते, तसे हे. पोरगा दोन-दोन वर्षे रोज खेळतो, वरच्या पायरीवर जातो, खेळातले कपडे, बंदुका मिळवतो, काही फुकट तर काही पैसे देऊन. हे सगळे त्या खात्यात जमा असते. खाते उघडायला नाव आणि पासवर्ड लागतो. चोराला पासवर्ड मिळाला की तो आत शिरतो, पहिल्या झटक्यात पासवर्ड बदलतो, जोडलेला मोबाइल नंबर आणि ईमेल बदलतो, आणि मूळ मालक स्वतःच्याच दारात बाहेर उभा राहतो. मग ती आयडी दुसऱ्या कोणाला पाचशे-हजाराला विकली जाते.

घरातल्या मोठ्या माणसांना याचे हसू येते. "खेळच गेला ना? बरे झाले. आता तरी पुस्तक उघड." मला हे हसणे पटत नाही. दोन वर्षे जमवलेली वस्तू चोरीला गेली की लेकराला वाईट वाटणारच. पण त्याहून मोठे कारण वेगळे आहे. चोराच्या हाती गेलेली किल्ली फक्त खेळाची नसते.

आपल्या घरांचा हिशोब पाहा. कापूस वेचणीला जाणारी आई, जालन्याच्या सळईच्या कारखान्यात पाळी करणारे वडील, आणि घरात धड चालणारा मोबाइल एकच. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबात तर लेकरे आजीजवळ आणि मोबाइलही आजीजवळ. त्या एका मोबाइलवर बँकेचे मेसेज येतात, आधारचा ओटीपी येतो, कॉलेजात शिकणाऱ्या थोरल्या मुलीचा महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज त्याच नंबरावर भरलेला असतो, आणि आईच्या सरकारी योजनेचे पैसे आल्याचे तोच मोबाइल सांगतो. आणि धाकट्याचा खेळ? तोही त्याच मोबाइलच्या जीमेलवरून किंवा वडिलांच्या फेसबुकवरून उघडलेला. पासवर्ड सगळीकडे एकच. बहुधा मुलाचे नाव आणि पुढे जन्मसाल. एक किल्ली आणि पाच कुलुपे, अशी ही व्यवस्था आहे. चोराने खेळाचे कुलूप उघडले की तीच किल्ली जीमेलला लावून पाहतो. जीमेल उघडले तर शिष्यवृत्तीचे कागद, आधारचे फोटो, पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो, सगळे त्याच्यासमोर येते.

चोरी होते कशी, हे पोरांनाही नीट माहीत नसते. त्यांना वाटते कोणीतरी मोठा हुशार माणूस मुंबई-दिल्लीत बसून यंत्राने कुलूप फोडतो. बहुतेक वेळा तसे काही नसते, किल्ली आपणच देतो. "फुकट यूसी मिळवा", "फुकट डायमंड मिळवा" असा मेसेज येतो, त्यावर बोट ठेवले की फेसबुकसारखेच दिसणारे पान उघडते, आणि पोरगा तिथे आपला नंबर आणि पासवर्ड लिहून मोकळा होतो. ते पान फेसबुकचे नसतेच. दुसरा प्रकार दोस्तीतला आहे. "तुझी आयडी दे, मी तुला वरची पायरी मिळवून देतो." तिसरा, कोणीतरी पाठवलेली खेळाची फाईल प्ले स्टोअरबाहेरून मोबाइलमध्ये घालणे. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पब्जी होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवरही बंदी आली. बंदी आली म्हणून पोरांनी खेळणे सोडले नाही, इकडून तिकडून फायली मिळवल्या. अशा फाईलमध्ये खेळाबरोबर आणखी काय आले हे कोण पाहतो? आणि उद्या काही झाले तर तक्रार तरी कोणाकडे न्यायची?

चौथा प्रकार मला सर्वांत जास्त खटकतो, कारण त्यात पोरांचा दोष नाही. शिष्यवृत्तीचा, दाखल्याचा अर्ज भरायला आपण सेवा केंद्रावर किंवा झेरॉक्सच्या दुकानात जातो. तिथला माणूस आपल्याला जीमेल काढून देतो, पासवर्ड स्वतःच ठरवतो आणि स्वतःच्या वहीत लिहून ठेवतो. आपण त्याला पन्नास रुपये देऊन घरी येतो आणि तो पासवर्ड काय आहे हे आपल्याला पुढे कधीच ठाऊक नसते. तो माणूस प्रामाणिक असेलही, बहुतेक असतातच. पण ती वही दिवसभर गल्ल्याशेजारी उघडी पडलेली असते. अर्ज भरून झाला की त्याच दिवशी घरी येऊन पासवर्ड बदलायचा, हे कॉलेजात जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने करावे.

फसतात ते अडाणी, असाही एक समज आहे. 'स्टीम' नावाचे संगणकावरील खेळांचे जगातले फार मोठे दुकान आहे, अमेरिकेतल्या व्हॉल्व कंपनीचे. डिसेंबर २०१५ मध्ये त्या कंपनीने स्वतः जाहीर केले की दर महिन्याला सुमारे ७७ हजार खाती चोरांच्या हाती जातात. आणि पुढे असेही सांगितले की, ही नवखी, भोळी माणसे नव्हेत. त्यांत खेळावर पोट भरणारे नावाजलेले खेळाडू होते, खेळातल्या वस्तूंचा व्यापार करणारे होते. तेव्हा आपल्या पोराची आयडी गेली म्हणून त्याला "येडपट" म्हणण्याचे कारण नाही.

उलट बाजूही लक्षात घेतली पाहिजे. चूक दर वेळी खेळणाऱ्याचीच असते असे नाही. एप्रिल २०११ मध्ये जपानच्या सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन या खेळाच्या जाळ्यात चोर शिरले आणि ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती उघडी पडली. तीन आठवड्यांहून जास्त काळ ती सेवा बंद होती. त्यात खेळणाऱ्यांची काय चूक? इंग्लंडच्या माहिती आयुक्तांनी जानेवारी २०१३ मध्ये सोनीला अडीच लाख पौंडांचा दंड केला, कारण कंपनीने पुरेशी काळजी घेतली नव्हती. जबाबदारी ज्याची त्याच्या गळ्यात घालायला कायदा लागतो आणि कायदा चालवणारा माणूसही लागतो. आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घ्यायची तर पालकाची खात्रीशीर संमती हवी, असे त्यात म्हटले आहे. पण पोरगा खेळ सुरू करताना जन्मसाल खोटे टाकून पंचवीस वर्षांचा होतो, तिथे त्या संमतीचा प्रश्नच मिटतो! शिवाय आयडी चोरीला गेल्यावर कंपनी जन्मतारीख विचारते, तेव्हा ती खोटी तारीख त्याला स्वतःलाच आठवत नाही.

मी कारकुनी करणारा माणूस. कुलूप-किल्ली, आवक-जावक, पावती, सही यांतच आमची हयात चालली आहे. ट्रेझरीत जिथे रोकड किंवा मुद्रांक ठेवलेले असतात तिथे दुहेरी कुलूप असते. एक किल्ली एका अधिकाऱ्याकडे, दुसरी दुसऱ्याकडे. दोघे असल्याशिवाय दार उघडत नाही. ही पद्धत इंग्रजांच्या काळापासूनची आहे आणि ती घालणाऱ्याला माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक होता. मोबाइलमध्येही असे दुहेरी कुलूप आहे. जीमेलमध्ये, फेसबुकमध्ये, व्हॉट्सॲपमध्ये 'टू-स्टेप' म्हणून एक सोय असते. ती चालू केली की नुसत्या पासवर्डने खाते उघडत नाही, आपल्या मोबाइलवर आलेला आकडा किंवा आपण ठरवलेला पिनही लागतो. पैसे लागत नाहीत, दहा मिनिटे लागतात. दहावी-बारावीच्या मुलीला सांगा, ती घरातल्या सगळ्यांचे करून देईल. मात्र मोबाइलवर आलेला तो आकडा, म्हणजे ओटीपी, फोनवरून कोणाला वाचून दाखवला की दोन्ही किल्ल्या आपणच चोराच्या हातात ठेवल्या. "मी कंपनीतून बोलतो, तुमच्या मुलाची आयडी परत मिळवून देतो" असे म्हणणारा तर हमखास चोर. आयडी गेलेल्या पोराला असे फोन येतात. एकदा लुटलेल्याला दुसऱ्यांदा लुटणे सोपे असते.

आता पैशाचे. यूपीआयचा पिन हा पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी लागत नाही, हे लेकरांना पाठ करून घ्या. तो पिन मुलांना सांगू नये, आणि प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारण्याची सोय चालू ठेवावी. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात जबाबदारीची वाटणी केली, ती कष्टकरी माणसाने समजून घेण्यासारखी आहे. चूक बँकेचीही नाही आणि आपलीही नाही, तिसऱ्यानेच पैसे काढले, आणि आपण तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर आपले नुकसान शून्य धरायचे. चार ते सात दिवस लावले तर ठरावीक मर्यादेपर्यंत आपल्याला सोसावे लागते. पण पिन किंवा ओटीपी आपणच दिला असेल तर कळवीपर्यंतचे नुकसान आपल्या अंगावर, आणि कळवल्यानंतर जे काही जाईल ते बँकेच्या अंगावर. म्हणजे चूक आपली असली तरी कळवण्याला किंमत आहे. लाजेने तोंड झाकून बसलेल्याच्या अंगावर सगळेच पडते.

कळवण्याच्या या मुद्द्यावर मला थोडे सविस्तर बोलायचे आहे. आयडी गेली की पहिले तास मोलाचे असतात. जीमेलचेच पाहा. चोराने त्यातला फोन नंबर बदलला, तरी आपल्या जुन्या नंबरावर सात दिवसांपर्यंत ओळखीचा आकडा मागवता येऊ शकतो. फेसबुकने ईमेल बदलल्याची सूचना जुन्या ईमेलवर पाठवलेली असते आणि त्यातच "हे मी केले नाही" असे सांगण्याची वाट असते. ज्या मोबाइलवर खेळ अजून उघडा आहे त्यावरून बाहेर न पडता आधी पासवर्ड बदलता येतो. वेळ गेला की या वाटा एकेक करून बंद होतात. आणि वेळ का जातो? पोरगा सांगत नाही म्हणून. तो का सांगत नाही? मार बसेल म्हणून. चोराला आपल्या घरातल्या भीतीची अशी फुकट मदत होते. जोगेश्वरीच्या घरी हे कधी सुरू झाले आणि घरच्यांना कधी कळले याचा तपशील मी सांगू शकत नाही, पण दहा लाख एका दिवशी एका बोटाने जात नाहीत.

दुसरे उदाहरण ३ ऑक्टोबर २०२५ चे आहे. मुंबईत पोलिसांच्या सायबर जागृती महिन्याचा कार्यक्रम होता. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस हजर होते. तिथे अभिनेता अक्षय कुमार याने स्वतःच्या घरातला प्रसंग सांगितला. त्याची मुलगी मोबाइलवर एक खेळ खेळत होती, समोर अनोळखी खेळाडू. आधी "छान खेळलीस" असे गोड बोलणे, मग कुठली आहेस, मग मुलगा की मुलगी, आणि मुलगी आहे असे कळल्यावर तिच्याकडे उघडे फोटो मागितले. मुलीने खेळ बंद केला आणि सरळ आईला जाऊन सांगितले. सातवी ते दहावीच्या वर्गांना आठवड्यातून एक तास सायबरचा असावा, अशी मागणी त्याने तिथे केली. मागणी रास्तच आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेपासून ती लागू व्हावी. पण माझे लक्ष त्या मुलीने आईला सांगितले इकडे लागले. ते पैशाने येत नाही. सिनेनटाच्या घरात ते झाले आणि पत्र्याच्या घरातही ते होऊ शकते.

आपल्याकडे मात्र मुलीने असे काही सांगितले की पहिली शिक्षा तिलाच होते. मोबाइल काढून घेतात, मैत्रिणी बंद, आणि "झाले तेवढे शिक्षण पुरे" असे म्हणणारा काका घरोघरी असतोच. मुलाने पैसे घालवले तर दोन रट्टे देऊन महिन्याभरात त्याला दुसरा मोबाइल घेऊन देतात. हा हिशोब मला कधीच समजला नाही. मुलगी एकदा हे पाहते आणि पुढच्या वेळी गप्प बसते. मग धमकी देणाऱ्याला मोकळे रान मिळते.

कायदा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६-क नुसार दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा गुन्हा आहे, आणि ६६-ड नुसार संगणकावरून तोतयेगिरी करून फसवणे हाही गुन्हा आहे. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. आपल्या पोरांनाही हे सांगितले पाहिजे, कारण गेलेली आयडी विकत घेणारी पोरे आपल्याच वस्तीत आहेत. बहुतेक खेळांच्या नियमांत खाते विकायला मनाई असते. तेव्हा पाचशे रुपयांना घेतलेली भारी आयडी कंपनीने बंद केली तर ओरडायला जागा नाही, आणि ती चोरीची निघाली तर पोलिसांपुढे उत्तर घेणाऱ्याला द्यावे लागेल. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर तर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदाच केला. त्यात खेळ चालवणाऱ्याला शिक्षा आहे, खेळणाऱ्याला नाही. तेव्हा रमीच्या नावाखाली फसलेल्या माणसानेही तक्रारीला घाबरू नये.

पैसे गेले असतील तर १९३० हा नंबर लगेच फिरवावा. पैसे पुढच्या खात्यात थांबवता आले तर इथूनच येतात, म्हणून उद्यावर ढकलू नये. पैसे गेले नसतील, नुसती आयडी किंवा फेसबुक गेले असेल, तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पानावर तक्रार नोंदवता येते. पोलिस ठाण्यात गेल्यावर "हे आमच्या हद्दीतले नाही" असे ऐकायला मिळाले तर निमूट परत फिरू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावीच लागते. एकट्याने जायला जमत नसेल तर वस्तीतल्या लिहिता-वाचता येणाऱ्या कोणाला तरी बरोबर न्यावे.

जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. खेळात प्रत्येक खात्याला एक आकडी क्रमांक असतो, तो आधीच वहीत लिहून ठेवलेला असावा. पोराने काही विकत घेतले असेल तर त्याची पावती जीमेलवर येते. गुगल प्लेच्या पावतीवर 'जीपीए' ने सुरू होणारा क्रमांक असतो. खाते आपलेच होते हे कंपनीपुढे आणि पोलिसांपुढे दाखवायला याच्याइतका पक्का कागद नाही. मेसेजचे फोटो, बँकेचे विवरण, केव्हा लक्षात आले ती तारीख आणि वेळ, हे सगळे एका कागदावर क्रमाने लिहून त्याची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी आणि तिच्यावर पोचेची सही घ्यावी. तोंडी तक्रार हवेत जाते, हे कचेरीत बसणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

आणखी एक बाब, खास बाहेरगावी कामाला जाणाऱ्यांसाठी. टोळीबरोबर कारखान्यावर गेले की तिथे रेंज नाही म्हणून दुसरे सीम घेतात आणि जुन्याला रिचार्ज मारत नाहीत. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. म्हणजे बँकेचा, शिष्यवृत्तीचा आणि पोराच्या जीमेलचा ओटीपी कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या मोबाइलवर जाऊ लागतो. त्याला चोरी करायचीसुद्धा गरज उरत नाही. तेव्हा नंबर बदलायचाच असेल तर आधी बँकेत जाऊन नवा नंबर लावावा, आधार केंद्रावर लावावा, महाडीबीटीवर आणि जीमेलवर लावावा, आणि मगच जुने सीम काढावे. हे जमणार नसेल तर जुन्या सीमचा सर्वांत स्वस्त रिचार्ज चालू ठेवावा आणि ते घरी आजीच्या साध्या फोनमध्ये घालून ठेवावे.